लिंकनचे खरे कागद छापा

मा. संपादक,
स. न.

शिक्षक दिन जवळ आला की ‘लिंकनचे हेडमास्तरांस पत्र’ ठिकठिकाणी छापून येते. शाळांच्या भिंतींवर तर ते बारा महिने असते. मजकूर चांगलाच आहे, पण लिंकनच्या उपलब्ध पत्रव्यवहारात असे पत्र कुठेही सापडत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. लिंकनबद्दल मला फार आपुलकी आहे, म्हणून दुसऱ्याचे शब्द त्याच्या तोंडी घातलेले पाहवत नाहीत.

राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षे तो इलिनॉयमध्ये वकिली करत होता. त्याआधी न्यू सेलम गावात भागीदारीत टाकलेले दुकान बुडाले, भागीदार वारला. दोघांचे कर्ज याने अंगावर घेतले. जमीन मोजायची साधनेसुद्धा जप्तीत गेली. ती एका मित्राने लिलावात सोडवून त्याला परत दिली. १८३४ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला, उसनी पुस्तके आणून कायदा शिकला आणि १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला आला. मग गावोगावच्या कोर्टांची फिरती सुरू झाली. महत्त्वाचे कागद तो उंच टोपीत ठेवी.

१८३७ मध्येच विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी संस्थांचा निषेध करणारा ठराव केला. ३ मार्चला लिंकन आणि डॅन स्टोन या दोघांनीच, गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असे लेखी नोंदवले. लिंकन तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. पण दहाच वर्षांनी, १८४७ मध्ये, तो मॅटसन नावाच्या गुलाममालकाच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. जेन ब्रायंट आणि तिची मुले परत ताब्यात मिळावीत, असा मॅटसनचा दावा होता. लिंकन हरला, ती माणसे मुक्त झाली. हे वकीलपत्र त्याने का घेतले, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मुलांपुढे लिंकन ठेवायचा तर ही केसही ठेवावी.

वकिलांसाठी त्याने काढलेली काही टिपणे मात्र आज उपलब्ध आहेत. शेजाऱ्यांना कोर्टात जाण्यापासून परावृत्त करा, तडजोड घडवा. एवढे करूनही वकिलाला काम उरेलच, असे त्यात म्हटले आहे. बांधाच्या भांडणात दोन पिढ्या गेलेली घरे मी रोज पाहतो. १२ फेब्रुवारीला, त्याच्या जन्मदिवशी, ही टिपणे छापावीत. भाषांतर करून पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक तालुका वकील