बालेवाडीतून संघ गेला, मालकाला कोणी विचारलं?

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री श्री. मनसुख मांडविया यांस,
स.न.वि.वि.

मार्च २०१८. पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू एफसी, इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी. गोल झालाच नाही, पण आमच्या, म्हणजे पुण्याच्या चाहत्यांच्या ‘ऑरेंज आर्मी’चे ढोल शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबले नाहीत. चार दिवसांनी बेंगळुरूत त्यांच्या सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक मारली आणि विषय संपला. हरलो त्याचं काही नाही हो. पुढच्या हंगामात बघून घेऊ म्हणालो. पुढचा हंगाम तेवढा मिळाला; २०१९मध्ये क्लबच गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. भाडेकरू बदलावा, तितक्या सहज.

पुण्याला हे नवीन नव्हतं. पुणे एफसी हा क्लब आय-लीग या देशातल्या दुसऱ्या फुटबॉल लीगमध्ये २०१२-१३ला दुसरा आला होता, तोही बंद. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा. मग डीएसके शिवाजियन्स. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २०१०मध्येच मिटला होता. मालक बदलत गेले, रीत तीच: हौस असेपर्यंत क्लब ‘शहराचा’, पैसा आटला की ‘कंपनीचा’.

तिकडे हैदराबादने २०२२मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यावर आयएसएलचा करंडक जिंकला. मनात म्हटलं, जाऊ दे, कुणीतरी सुखी झालं. दोन वर्षांत तिथल्या खेळाडूंचे पगार थकले, एकेक जण सोडून गेला. २०२५मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. म्हणजे आता हैदराबादकरही आमच्याच रांगेत.

आपण २०२५मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आणलात. चांगलंच केलंत. पण त्याचा रोख महासंघांच्या कारभारावर आहे. क्लबचा मालक त्यातून अलगद सुटतो. फुटबॉल महासंघ क्लबला परवाना देताना कागद तपासतो, पण हंगामाच्या मध्येच मालकाने हात वर केले तर बॅकअप गोलकीपरने घरभाडं कुठून भरायचं?

इंग्लंडमध्ये १८८५चा बरी एफसी ऑगस्ट २०१९मध्ये लीगबाहेर काढला गेला. आमचा क्लब गेला तोही त्याच सुमारास. त्यांनी मात्र २०२५मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. मालकाच्या पैशाचा उगम तपासायचा, मैदान विकायला किंवा गाव बदलायला आधी परवानगी घ्यायला लावायची. आपल्याला एवढं सगळं लगेच जमणार नाही, मान्य. पण एका हंगामाच्या पगाराची बँक हमी परवान्याआधी घ्या. शहर सोडायचं असेल तर थकबाकी शून्य झाल्याचा दाखला आणि चाहत्यांची जाहीर सुनावणी सक्तीची करा.

‘खासगी कंपन्यांचा मामला’ असं उत्तर कृपया नको. बालेवाडीचं मैदान १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारने बांधलं, आमच्याच करातून. मालक तिथे खेळवायला आले तेव्हा सरकारी जागा चालली, मग हिशेब मागताना सरकार बाजूला का?

माझा नारिंगी मफलर अजून कपाटात आहे. धुतलेला नाही.

आपला,
बालेवाडीचा एक प्रेक्षक