तू गोळी बंद केलीस असं कळलं म्हणून

प्रिय मैत्रिणी,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तुझा मेसेज वाचला आणि लगेच टाइप करायला घेतलं पण मधेच मुलं आली, मग ह्यांचा डबा, सासूबाईंचं बीपीचं औषध, धाकटीचं इंजेक्शन, असं करत करत आत्ता कुठे निवांत बसलीये. सगळे झोपलेत. लांबलचक होणार आहे पत्र, एकदम नाही वाचता आलं तरी चालेल पण शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस की त्या प्रार्थनेच्या मीटिंगनंतर थायरॉईडची गोळी बंद केलीस, कारण कोणीतरी म्हणालं की विश्वास असेल तर गोळी कशाला. आणि खाली असं पण लिहिलंस की हल्ली सारखी झोप येते, केस गळतात, थंडी वाजते, प्रार्थनेला बसलं तरी मन लागत नाही, देव लांब गेल्यासारखा वाटतो, माझ्यातच काही पाप आहे का. अगं हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. ह्या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या लिहिल्यास पण मला त्या एकच वाटतायत. थायरॉईड कमी पडलं की शरीराचं सगळंच मंद होतं, नुसतं वजन आणि केस नाही, मन पण. उदास वाटतं, लक्ष लागत नाही, काही करावंसं वाटत नाही. तू ज्याला आत्मिक कोरडेपणा म्हणतेस तो कदाचित रक्तातला वाढलेला टीएसएच असेल, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारं हार्मोन. देवाने तुला सोडलंय असं ठरवायच्या आधी ती टेस्ट तर करून घे.

आणि तू म्हणतेस की गोळी सोडल्यावर सुरुवातीला छान वाटत होतं, म्हणून खात्री पटली. त्याचं कारण आहे गं. ते औषध शरीरातून हळूहळू जातं, त्याचं प्रमाण अर्धं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे बंद केलं तरी लगेच काही जाणवत नाही आणि माणसाला वाटतं बरं झालं. नंतर हळूहळू थकवा येतो आणि तोपर्यंत आपण त्याचा गोळीशी संबंधच लावत नाही.

मला ह्या बाबतीत गप्प बसवत नाही कारण आमच्या घरात हाच प्रश्न रोज असतो. धाकटीला टाइप वन डायबेटिस निघाला तेव्हाचं तुला माहितीच आहे, सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरलेलं, मग उलट्या आणि जोरजोरात श्वास, सरळ आयसीयू. गोड खाल्ल्यामुळे होत नाही तो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. बाहेरून इन्सुलिन दिलं नाही तर मूल जगत नाही, ह्याला दुसरा रस्ता नाही. तरी चर्चमधले एक भाऊ घरी येऊन मला म्हणाले, ताई इंजेक्शन थांबवून देवाला संधी द्या. मी त्यांना चहा न विचारता दारापर्यंत सोडलं, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

कारण मी त्या दिवसात बायबल खूप वाचलं, रागाने वाचलं म्हण. आणि मला काय दिसलं सांगू का. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, रडून प्रार्थना केली, देव म्हणाला तुझी प्रार्थना ऐकली, आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांचा लेप आणून गळवावर लावा. २ राजे २० काढून बघ. म्हणजे देवाने ऐकलं आणि लेपही लावला, दोन्ही. प्रेषित पौल त्याच्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तुझा विश्वास कमी पडतोय असं नाही म्हणत. त्रफिम नावाच्या सोबत्याला तर तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. पौलाने इतक्या लोकांना बरं केलं आणि स्वतःचा सोबती आजारी राहिला, तरी त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक वाकडा शब्द नाही. पौलाच्या स्वतःच्या देहातला काटा पण तीनदा मागून निघाला नाही. आणि लूक वैद्य होता, त्याला प्रिय वैद्यच म्हटलंय, शुभवर्तमान लिहायला लागला म्हणून वैद्य राहिला नाही असं कुठेच नाही. हे सगळं आपल्या पुस्तकात असताना आपल्याच लोकांनी आजारी माणसाला अपराधी का वाटायला लावावं, मला खरंच राग येतो.

१९२१ च्या आधी माझ्या मुलीसारख्या मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवायचे, थोडे दिवस जास्त जगावीत म्हणून. तेव्हाच्या आयांनी केवढ्या प्रार्थना केल्या असतील, कमी विश्वासाने केल्या असतील का गं. मग टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट ह्यांना इन्सुलिन काढता आलं आणि १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. मला वाटतं ते त्या आयांच्या प्रार्थनांचं उत्तर होतं. मी फ्रिज उघडून ती बाटली काढते तेव्हा रोज थँक्यू म्हणते, आणि मनापासून म्हणते. उत्तर हातात आलेलं असताना ते खाली ठेवून परत मागत बसणं मला विश्वास वाटत नाही.

तू विचारलंयस की इतकं सगळं असून मी प्रार्थना करते कशी. खरं सांगते, पहिल्यासारखी नाही करत. आधी लांब प्रार्थना करायचे, सगळ्यांची नावं घेऊन. आता रात्री तीनला उठून तिचं बोट टोचते, साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि १५ मिनिटांनी परत बघायचं. ती अर्धवट झोपेत असते, घामेजलेली, चिडचिड करते, मी तिला टेकवून धरते. त्या पंधरा मिनिटांत करण्यासारखं दुसरं काही नसतं. तेव्हा मी जे बोलते ती माझी प्रार्थना. कधी नुसतं प्रभू वर येऊ दे आकडा, एवढंच. कधी स्तोत्र १२१, की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, म्हणजे मी एकटी जागी नाहीये. आणि कधी भांडते पण. स्तोत्र ८८ वाचलंयस का, त्यात शेवटपर्यंत उजेड येतच नाही, अंधार ह्याच्यावरच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. तुला मन लागत नसेल तर हेच त्याला सांग, त्यासाठी मन लागायची गरज नाही.

मोठ्याचं पण सांगायचंय थोडं. तो परवा म्हणाला आई तू फक्त तिचीच काळजी करतेस. चूक नाही त्याची, आजारी मुलाच्या घरात निरोगी मूल मागे पडतंच. आता रविवारी उपासनेनंतर ह्यांच्याकडे धाकटीला सोडून मी त्याच्याबरोबर एकटी फिरायला जाते, फार बोलत नाही तो पण येतो आवडीने. बाकी घरी ठीक. सासूबाईंचे गुडघे तसेच.

तर तू आता असं कर. आधी टीएसएच कर आणि रिपोर्ट घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा, किती दिवस बंद होती ते खरं सांग. मनानेच जुना डोस सुरू करू नकोस, ते ठरवतील तसं. सुरू झाली की सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, नंतर अर्धा-एक तास काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेव, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. परत टेस्ट साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. ज्यांनी तुला बंद करायला सांगितलं त्यांना काही उत्तर द्यायची गरज नाही, फारच मागे लागले तर माझा नंबर दे.

आणि माझ्यासाठी एक विनंती आहे. धाकटीची शाळेची सहल आहे, एक रात्र बाहेर राहायचं, पहिल्यांदाच माझ्याशिवाय. टीचरना हायपो, म्हणजे साखर एकदम खाली जाणं, कसा ओळखायचा ते समजावलंय, तिच्या बॅगेत सगळं भरून देणार आहे, ती स्वतः इंजेक्शन घेते आता आणि जागा बदलून घेते. नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं पण तिचा चेहरा बघून हो म्हटलं. त्या रात्री मी काय झोपणार नाही. तू पण थोडा वेळ जागी राहून तिच्यासाठी प्रार्थना करशील का? ब्लड टेस्टला जाऊन आलीस की फोन कर, दुपारी कर, तेव्हा घरात कोणी नसतं आणि नीट बोलता येतं.

तुझीच,
धाकटीची आई