पराभवानंतरचा भाग दाखवल्याबद्दल

ती. काकूंस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र खरे तर दोन जिने चढून तुमच्या हाती द्यायचे. परंतु माझ्यासारखेच निर्दोष नायक रंगवत बसलेले आणखी कोणी असतील, त्यांच्याही ते वाचनात यावे म्हणून उघडपणे लिहितो आहे.

स्पर्धेसाठी लिहिलेली, अंतराळयानावर घडणारी माझी एकांकिका तुम्ही एका बैठकीत वाचलीत आणि चष्मा काढून एवढेच म्हणालात, "याला काही होतच नाही रे." मला त्या वेळी राग आला होता, हे आज कबूल करतो. माझा कप्तान प्रत्येक प्रवेशात योग्य तेच बोलत होता, प्रत्येक संकटातून सहीसलामत सुटत होता, आणि मला तेच त्याचे नायकत्व वाटत होते. तुम्ही वाद न घालता कपाटातून 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावरच्याच इंग्रजी मालिकेच्या डीव्हीडींचा खोका काढलात आणि सात पर्वे, १७८ भाग माझ्या हवाली केलेत.

१९८७ साली मालिका सुरू होते तेव्हाचा तिचा नायक कॅप्टन ज्याँ-लूक पिकार्ड मला मुळीच आवडला नव्हता. पॅट्रिक स्टुअर्ट यांचा शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला आवाज सोडला, तर हा माणूस कोरडा आणि काहीसा तुटक वाटतो. लहान मुलांसमोर आपण अवघडतो, हे तो पहिल्याच भागात आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला सांगून टाकतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस बोर्ग, म्हणजे माणसांना यंत्रे जोडून आपल्या समूहात ओढणारी शत्रुजमात, त्याला पळवतात, यंत्राशी जखडून 'लोक्यूटस' नावाचा आपला प्रवक्ता बनवतात आणि त्याचेच ज्ञान वापरून त्याच्याच आरमाराची ३९ जहाजे नष्ट करतात. पुढच्या पर्वाच्या आरंभी त्याची सुटका होते. तिथे कथा संपली असे समजून मी पुढचा भाग लावायला निघालो, तेव्हा तुम्ही रिमोट हातात घेऊन विचारलेत, "हा माणूस आज रात्री झोपला असेल का?"

त्या प्रश्नानंतर पाहिलेला 'फॅमिली' हा भाग मी आजवर किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी प्रथम दाखवलेल्या या भागात शत्रू नाही, लढाई नाही आणि यानाचा नियंत्रणकक्ष तर एकदाही दिसत नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, द्राक्षमळ्याखेरीज दुसरे जग न मानणाऱ्या थोरल्या भावाकडे जातो. जुनी असूया उफाळते, दोघे पोक्त गृहस्थ चिखलात लोळत मारामारी करतात, हसू लागतात, आणि त्या हसण्यातूनच पिकार्ड ढसाढसा रडतो, कारण बोर्गनी आपला वापर केला तेव्हा आपण त्यांना थोपवू शकलो नाही. भाऊ त्याची समजूत काढत नाही. हे ओझे तुला जन्मभर वागवावे लागेल, असेच सुचवतो. मालिकेच्या लेखकांनी विजयानंतरचा एक अख्खा भाग या रडण्यासाठी राखून ठेवला, याचे मोल तुम्ही दाखवले नसते तर मी तो भाग 'कंटाळवाणा' म्हणून पुढे ढकलला असता.

पुढे मी पाहत गेलो ते याच जखमेचा माग काढत. पाचव्या पर्वात एक एकाकी, जखमी बोर्ग तरुण हाती लागतो, तेव्हा न्यायप्रिय म्हणून नावाजलेला हाच कप्तान त्याचा शस्त्र म्हणून वापर करून समूळ संहाराची योजना आखतो आणि त्या तरुणाशी समोरासमोर बोलल्यावरच मागे फिरतो. त्याच पर्वातल्या 'द इनर लाइट'मध्ये यानावर बेशुद्ध पडलेल्या जेमतेम 25 मिनिटांत तो एका नष्ट झालेल्या ग्रहावरचे आयुष्य जगतो, मुले वाढवतो, नातवंडे पाहतो. जागा झाल्यावर त्याच्या हाती फक्त एक बासरी उरते. सहाव्या पर्वात शत्रू त्याचा छळ करून समोरचे चार दिवे पाच आहेत असे त्याच्याकडून वदवू पाहतो; सुटताना तो चारच दिवे असल्याचे ओरडून सांगतो; नंतर मात्र आपल्या समुपदेशिकेजवळ कबूल करतो की, शेवटी शेवटी आपल्याला खरोखरच पाच दिसू लागले होते. लेखकांनी हा कबुलीजबाब गाळला असता, तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या आणि पिकार्ड मात्र पुन्हा पहिल्या पर्वातला झाला असता.

एक तक्रार मात्र करतो. साप्ताहिक मालिकेच्या सोयीसाठी यातले बरेच काही पुढच्या आठवड्यात विसरले जाते. अख्खे आयुष्य जगून आलेला माणूस इतक्या लवकर खुर्चीत बसतो, हे मला अजून पटत नाही. तुम्ही यावर "म्हणून तर बासरी पुन्हा आणली" असे म्हणाल, हे ठाऊक आहे.

तुमच्यामुळे मी एकांकिकेचा शेवट बदलला. यान वाचते तिथे आता पडदा पडत नाही. कप्तान एकटा स्वयंपाकघरात उभा राहून चहाचे आधण ठेवतो आणि त्याला साखर किती घालायची ते आठवत नाही. परीक्षकांना हा प्रवेश लांबला असे वाटले. मी तो कापलेला नाही.

खोक्यातली सातव्या पर्वाची शेवटची डीव्हीडी अजून माझ्याकडेच आहे. आपल्या माणसांच्या पत्त्यांच्या टेबलावर पिकार्ड पहिल्यांदाच येऊन बसतो, तो प्रसंग तुमच्यासोबत पाहायचा म्हणून ठेवून घेतली. रविवारी संध्याकाळी वर येतो.

आपला कृतज्ञ,
तळमजल्यावरचा