बडव्याचे पाच सेट आणि एक चावी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय पेटीवाल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "बडव्या, आता कुठला सेट?" आणि मी "आहे की एक" म्हणून विषय उडवला. कारण तुझी वहिनी शेजारीच गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. ड्रमचा विषय निघाला की ती पैशांचा हिशेब काढते, तोही तारीखवार. म्हणून हे पत्र. मोबाइलवर एवढं टायपायला माझी बोटं वळत नाहीत, त्यांना काठ्याच बऱ्या.

पहिला सेट तुला आठवतोच. म्हणजे त्याला सेट म्हणायचं आपल्याच तोंडाने. १९९७ साल, तालमीच्या मागची खोली, एका कोपऱ्यात लेझमी आणि दुसऱ्यात गणपतीचं मखर. लग्नाचा एक बँड मोडला होता, त्यांचा गळ्यात अडकवायचा मोठा ड्रम आपण आणला, आडवा पाडला आणि गडगडू नये म्हणून दोन्हीकडून विटा लावल्या. तो आपला बास. स्नेअर, म्हणजे खालून तारा लावलेला ड्रम, तो त्याच बँडचा साइड ड्रम, पत्र्याचा, १४ इंची. हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, पितळेचा. वाजवला की पंगतीत ताटं सांडल्यासारखं व्हायचं. साइड ड्रमवर मेरठचा शिक्का होता. बँडच्या सामानासाठी तिथली जली कोठी प्रसिद्ध आहे हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, मेरठला फक्त क्रिकेटच्या बॅटी होतात.

बास पायाने वाजवायच्या पेडलचा पट्टा चामड्याचा होता. तो पहिल्याच कार्यक्रमात, दुसऱ्याच गाण्याला तुटला आणि उरलेला कार्यक्रम मी बासला लाथा घालून काढला, हेही तू विसरला नसशील. पुढचं तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते पेडल घेऊन मी चप्पल लाइनला गेलो. कारागिराने ते उलटसुलट करून बघितलं, विचारलं, "हे कुठल्या पायात घालायचं?" मग कोल्हापुरीच्या तळव्याचं कातडं कापून, टाके मारून पट्टा करून दिला. दहा रुपये. पेडल गंजून भंगारात गेलं तेव्हाही तो पट्टा जसाच्या तसा होता.

२००१ ला लाल सेट आला. एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांचा पाच नगांचा देशी सेट मी उचलला. बास २२ इंची, वर बसवायचे दोन लहान ड्रम म्हणजे टॉम १२ आणि १३, जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम १६. तीनचाकी टेम्पोतून पापाच्या तिकटीवरून येताना मी मागे बसून फ्लोअर टॉम मांडीवर धरला होता. लोक वळून बघत होते आणि मला वाटत होतं, माझीच वरात आहे.

त्या सेटचे निम्मे बोल्ट गायब होते. म्हटलं, उद्यमनगर कशाला आहे? इथे ऑइल इंजिनचे भाग ओतणारी माणसं, त्यांना माझा एक बोल्ट जड आहे का? तर जड होता. लेथवाल्याने ६ मिलिमीटरचा बोल्ट लावून बघितला, आत शिरेना. वर्निअर लावला तर जाडी साडेपाच निघाली. मग आटे मोजले, इंचाला २४. "हा विलायती आटा हाय, मर्दा," म्हणाला. पुढे कळलं की जगातल्या बहुतेक ड्रमना हाच आटा असतो, बारा-चोवीसचा, म्हणजे बारा नंबरची जाडी आणि इंचाला चोवीस आटे. त्याने सोळा बोल्ट करून दिले आणि वर विचारलं, "एवढं करून वाजवणार काय?" मी म्हटलं, ऑर्केस्ट्रात. तो हसला.

त्याचं हसणं खरं ठरलं. तोवर ऑर्केस्ट्रावाल्यांकडे ऑक्टापॅड आले होते. आठ रबरी चौकोन, एका पिशवीत मावणारे. त्यातून ढोलकी निघते, काँगो निघतो, अख्खा ड्रमसेट निघतो. मालक लोक स्पष्ट सांगायचे, "टेम्पोचं भाडं कोण देणार? ऑक्टापॅड असेल तर या." मी हट्टाने नाही घेतला. तो हट्ट बरोबर होता की नाही, आजही सांगता येत नाही. ज्यांनी घेतला त्यांची घरं त्यावर चालली. माझी सुपारी महिन्यातून एकावर आली आणि मी गुपचूप दुकानाच्या गल्ल्यावर बसलो.

आणि मग २००३. केशवराव भोसलेमधला आपला तो कार्यक्रम. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून घेतलेलं ते नाट्यगृह, आणि त्या रंगमंचावर आपण, चौघांचे मिळून तीन इस्त्रीचे शर्ट. माझा स्नेअर अख्खी संध्याकाळ डबा वाजवल्यासारखा वाजला. विंगेत तू म्हणालास, "सेट बदल लगा." मी ते मनावर घेतलं. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथे आग लागली तेव्हा मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला गर्दीत उभा होतो. मैदानाच्या वर ज्वाळा दिसत होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ नुसते हात जोडून उभे होते. त्यावर फोनवर बोलवलं नाही, इथेही जास्त लिहवत नाही.)

तर मी सेट बदलला. लाल विकला आणि २००६ ला हप्त्यांवर पर्ल कंपनीचा एक्सपोर्ट सेट घेतला, काळा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळे वहिनीच्या हिशेबात हा आजही पहिल्या नंबरावर आहे. एक्सपोर्ट १९८२ पासून निघतोय, जगभरातली निम्मी पोरं त्यावर शिकली असतील. सेटमध्ये खोट काहीच नव्हती. पण पहिला आठवडा सरल्यावर आवाज परत तोच. डबा. मग मी काय केलं? जाड फायबर, म्हणजे ड्रमवर ताणायची प्लास्टिकची पानं, घातले. आतून टेप लावली. बासमध्ये उशी कोंबली, ती वहिनीने ओढून काढली, मग मामाकडून आणलेलं जुनं घोंगडं घातलं. घोंगड्याने मात्र कमाल केली हं. बासचा 'भूंऽऽ' जाऊन नेमका 'धप्' आला. बाकी सगळं मेलेलंच.

इथे झांजांबद्दल थोडं ऐक, कारण खरी चूक मी तिथे केली. पैसे सगळे लाकडात घातले आणि वर टांगली पितळेची थाळी. चांगली सिंबल काशाची असते, तांबं ८० टक्के, कथील २०, म्हणजे देवळातल्या घंटेच्या जातीची. पितळेत कथिलाच्या जागी जस्त, त्यामुळे ती आदळते, गात नाही. झिल्जन नावाची कंपनी इस्तंबूलमध्ये १६२३ साली सुरू झाली, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सात वर्षं, आणि अजून झांजा बनवते. मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं की सेट कसलाही असू दे, झांज आणि फायबर चांगले घे, तर वहिनीच्या वहीतली दोन पानं कोरी राहिली असती.

एक्सपोर्ट २०१९ च्या पुरात गेला. घरात जागा नव्हती म्हणून शाहूपुरीत मेव्हण्याच्या गोदामात ठेवला होता, जमिनीवर. ऑगस्टात पंचगंगा आत शिरली आणि काही दिवस तिथेच बसली. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर बास ड्रम तरंगत दारापर्यंत आला होता, जणू निघालाच होता. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, आत बोटभर गाळ. गल्लीतल्या लोकांचे संसार रस्त्यावर वाळत पडले होते, तिथे मी ड्रमसाठी काय रडणार? भंगारवाल्याने लोखंडाचं वजन करून पैसे दिले.

मग इलेक्ट्रॉनिक. २०२०, टाळेबंदी, आम्ही तोवर फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. जाळीचे पॅड, कानाला हेडफोन, मला वाटलं आता कुणाला त्रास नाही. चौथ्या दिवशी खालचे काका वर. "आवाज येत नाही हो, पण आमचा पंखा हलतो." पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खाली जातो, हे कुणाच्या डोक्यात असतं? मग प्लायच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर सेट मांडला. चेंडू पोरांच्या क्रिकेटमधून उतरलेले, निम्मे फुसके, त्यामुळे मी वाजवताना बोटीत बसल्यासारखा डुलायचो. पण काकांचा पंखा थांबला. तो सेट दोन वर्षं वाजवला. वाईट म्हणणार नाही. फक्त त्यात स्नेअर कधीच डबा वाजत नाही, आणि मला त्याचीच चुटपुट लागली. म्हणजे डबा मी वाजवत होतो की सेट?

उत्तर मिळालं ते तबलेवाल्याकडे. धाकटीच्या तबल्याची पुडी बदलायला गेलो होतो, भर जुलैत. पाऊस कोसळत होता आणि ते म्हणत होते, आता कातडं आठ दिवस सुरात बसायचं नाही. मी सहज बोललो, आमच्यात बरं, फायबर असतो, त्याला पाऊस कळत नाही. आणि उगाच आपल्या स्नेअरचं रडगाणं गायलो. म्हणाले, घेऊन या. माझ्याकडे अख्ख्या आयुष्यात न विकलेला एकच नग शिल्लक होता, तालमीतला तो पत्र्याचा साइड ड्रम. माळ्यावरून काढला, नेला.

त्यांनी मांडीवर घेतला. कडेपासून दोन बोटं आत, एकेका बोल्टसमोर टिचकी मारत गेले, तबल्याची घरं लावतात तसे. आठ बोल्ट, आठ वेगळे सूर. मी ऐकत होतो आणि कान गरम होत होते. एवढ्या वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. म्हणाले, "नुसतं पिळतायसा. ऐकतायसा कवा?" मग सगळे ढिले केले आणि समोरासमोरच्या जोड्यांनी, पाव-पाव फेरा देत आणले वर. खालचं पातळ पान मी १९९७ पासून बदललंच नव्हतं, ते बदलायला सांगितलं. नवं पान घालून वाजवला तेव्हा तार अशी सळसळली, की पोरगी म्हणाली, "बाबा, हा नवा घेतला?"

पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी बोल्ट फिरवायची चावी घेऊन या म्हणाले, पक्कड नको.

तर आता पाचवा सेट. बर्चच्या लाकडाचा, लहान. बास फक्त १८ इंची, एक टॉम १२, फ्लोअर १४, एक हाय-हॅट आणि राइड नावाची एकच मोठी झांज, दोन्ही काशाचे. गाडीच्या मागच्या सीटवर मावतो. स्नेअर तोच, मेरठवाला. रविवारी सकाळी मित्राच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये वाजवतो, हंगाम नसला की. ऐकायला दोन म्हशी आणि एक राखणदार. राखणदार हलगी वाजवतो, माझ्यापेक्षा बरी. जाळावर हलगी शेकून तो सूर चढवतो आणि मी तोवर बोल्ट फिरवत बसतो. तोच आधी तयार होतो.

दिवाळीला येणार म्हणालास, तर कीबोर्ड घेऊन ये. तू डाव्या हाताने अजून तसाच घाई करतोस का, ते बघायचंय. आणि त्या जुन्या काळ्या बॅगेचा खालचा कप्पा उघडून बघ. केशवरावमधल्या त्या रात्री सामान बांधताना माझी ड्रमची चावी तुझ्या बॅगेत गेली. मी परत मागितली नाही, कारण तू ठाण्याला निघाला होतास आणि चावीसाठी फोन करायचा म्हणजे मला काहीतरी वेगळंच वाटत होतं. त्यानंतर सगळे बोल्ट मी पकडीने पिळले. लालचे, काळ्याचे, सगळ्यांचे. बोल्टांची डोकी गोल झाली, आवाजाचा डबा तसाच राहिला आणि दोष सेटला दिला.

नवी चावी किरकोळ पैशात मिळते, दुकानात टांगलेल्या असतात. मी अजून तबलेवाल्यांनी दिलेल्या जुन्या पान्यावर भागवतोय. तू तीच आण.

तुझा,
बडव्या

ता. क. वहिनीने पत्र वाचलं. एक्सपोर्टची किंमत मी लिहिली नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. ती तुला फोन करून सांगणार आहे.