विंडरमियरची मुलं

केंडल, इंग्लंड

ती. आबा,
सा. न. वि. वि.

विंडरमियरचं वर्णन कळव म्हणालात. तळं देखणं आहे, डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे ठेंगणे, पाऊस थेट गगनबावड्याचा. वर्णन इथेच आटोपते, कारण तिथल्या ग्रंथालयात ज्यू मुलांविषयीचं प्रदर्शन पाहिलं आणि बाकी सगळं मागे पडलं.

ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागहून बॉम्बफेकी विमानांत बसवून तीनशे मुलं कार्लाइलजवळ उतरवली. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली, बहुतेक पोलंडची. ब्रिटिश सरकारनं सोळा वर्षांखालच्या हजार मुलांना परवानगी दिली होती, तीही प्रकृती सुधारेपर्यंतच; खर्च इथल्या ज्यू संस्थेनं करायचा. हजार मुलं भरलीच नाहीत. पुढच्या तुकड्या धरून ७३२ आली, त्यातल्या काहींनी तर वय चोरलेलं. लहान मुलांना छावणीत पोचताच मारून टाकत, मग हजार आणणार कुठून?

विंडरमियरला विमान कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत त्यांना ठेवलं. प्रत्येकाला स्वतःची खाट, स्वच्छ चादर. पहिल्या जेवणाला टेबलावरचा पाव बघता बघता नाहीसा झाला. खिशात, सदऱ्यात, गादीखाली. कुणी ओरडलं नाही, आणखी पाव आणून ठेवला. असं रोज. उद्याही पाव मिळणार याची खात्री पटली तेव्हा लपवणं आपोआप थांबलं. जुने कपडे जाळलेले आणि नवे यायचे होते, म्हणून पोरं चड्डी-बनियनवर गावभर हिंडायची, गावकऱ्यांच्या सायकली मागून घ्यायची! त्याच दिवसांत रेडक्रॉसकडून घरच्यांची खबर येई. बहुतेकांचं कुणीच उरलेलं नव्हतं.

तुम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीचं सांगायचात ना, ते लोक रशियातून आलेले, पण तिथे बऱ्याच मुलांजवळ निदान आई तरी होती. इथे तेही नाही.

मग लंडन, मँचेस्टर, ग्लासगोच्या वसतिगृहांत पांगापांग झाली. इंग्रजी शिकले, हाताला मिळेल ते काम धरलं. त्यांच्यातला रोमन हाल्टर वास्तुविशारद झाला. बेन हेल्फगॉटची आई आणि धाकटी बहीण १९४२ मध्ये मारली गेली, वडील युद्ध संपायच्या जेमतेम आधी. एक बहीण तेवढी वाचली. अकरा वर्षांनी तो मेलबर्न ऑलिंपिकला ब्रिटनच्या वेटलिफ्टिंग संघाचा कप्तान होता, १९६० ला रोममध्येही. ऑलिंपिकचं कौतुक सगळेच करतात. मला विचाराल तर त्यानं सोबत्यांना धरून ठेवलं, ते काम मोठं. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, ज्याचं अडलं असेल त्याला मदत करायला, आणि हा कित्येक वर्षं तिचा अध्यक्ष. लग्न ठरलं की वऱ्हाड म्हणून हेच सगळे. पोरांना काका-मामा हेच. दरवर्षी मे महिन्यात, सुटकेच्या सुमारास, एकत्र जेवण. आता पुढची पिढी ते चालवते.

छावणीबद्दल मात्र कित्येकजण घरातही वर्षानुवर्षं बोलले नाहीत. लोक विचारत नसत, हे सांगत नसत. म्हणून, आबा, वळिवड्याचं तुम्ही लहानपणी जे पाहिलंत ते लिहून काढा. हात दुखत असेल तर संकेतला सांगा, तो फोनवर रेकॉर्ड करील.

आजीला नमस्कार. लोकरीची शाल पार्सल केली आहे, आठवड्याभरात पोचेल.

तुमची,
मीनल