खुर्चीवरून न उठवणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी आमच्या कॉम्प्युटरचं काम करून तुम्ही निघालात तेव्हा काट्यावर चार ट्रॅक्टर उभे होते. मला दारापर्यंतही येता आलं नाही, साधा चहासुद्धा विचारला नाही.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या महिला शेतकरी कंपनीत काय चाललं होतं ते तुम्ही एका दुपारी पाहिलंत. आम्ही ते दोन आठवडे भोगत होतो. दारव्हा तालुक्यात सोयाबीन निघतं ते साऱ्यांचं एकदमच. काट्याच्या खोलीत कट्टे मोजायचे, वजन आणि ओलावा लिहून पावती करायची, सही झाली की स्कॅन करायची. ती सिंकथिंगमधून, म्हणजे एका कॉम्प्युटरवरच्या फायली आपोआप दुसऱ्यावर नेणाऱ्या प्रोग्राममधून, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आली की मी चुकारा बँकेत टाकायचा. पावती समोर दिसल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा आमच्या बायांनीच केलेला ठराव आहे. आणि सकाळची पावती यायची संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. पेनड्राइव्हनंही नेऊन पाहिल्या. एक पावती दोनदा चढली आणि एकीचा चुकारा दुसरीच्या खात्यात जाता जाता वाचला, तेव्हा तेही बंद केलं.

ऑफिसच्या पायरीवर एक बाई रोज येऊन बसायची. सात कट्टे सोयाबीन, तेवढंच तिचं पीक. भांडली नाही, आवाज चढवला नाही. मी बाहेर आले की फक्त विचारायची, "बाई, चुकारा कवा भेटन वं?" धनत्रयोदशी जवळ येत होती आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तुमच्या आधी तिघं येऊन गेले. पहिल्यानं उभ्याउभ्याच सांगितलं, खेड्यात नेट असंच असतं. दुसऱ्यानं रॅम बदलून पैसे घेतले. तिसऱ्यानं "अँटिव्हायरसच सगळं अडवते" म्हणून तो बंद केला आणि वर ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. मग सारा फोल्डर पहिल्यापासून पुन्हा उतरायला लागला आणि दोन दिवस नवी पावतीच आली नाही. त्याला फोन केले, त्यानं उचलले नाहीत. तिघांचं काम वेगळं होतं, पण सुरुवात एकच होती. "ताई, जरा उठा." मी उठायचे आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहायचे. पडद्यावर काय चाललंय ते दिसायचं नाही, विचारलं तर "तुम्हाला नाही समजणार". दहा वर्षं या कंपनीचा हिशेब मी ठेवते, भाऊ. एका रुपयाचा फरक निघाला तर रात्री झोपत नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी सवयीनं उठले. तुम्ही म्हणालात, "बसा जी ताई, तुमीच बसा. माऊस तुमच्याच हातात राहू द्या, मी बाजूनं सांगतो." आणि कोपऱ्यातला प्लास्टिकचा स्टूल स्वतः ओढून घेतला. त्याचा एक पाय थोडा वाकलेला आहे, तुम्ही एका बाजूला कलूनच दीड तास बसलात. त्या दीड तासात माऊसला एकदाही हात लावला नाहीत. मी चुकीच्या जागी क्लिक केलं तरी हात पुढे आला नाही. "थांबा, मागे या," एवढंच.

पहिला प्रश्न विचारलात, हे कधीपासून? दसऱ्यापासून, मी म्हटलं. दसऱ्याच्या आसपास काय बदललं? तेव्हा मला आठवलं, विजेच्या दाबानं राउटर जळाला होता आणि आम्ही नवा बसवला होता. तिघांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं.

नवा राउटर लागला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि सहसा "पब्लिक" धरतं, बसस्टँडवरच्या वायफायसारखं. मग फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या विंडोजच्या राखणदाराच्या लेखी शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटरसुद्धा परका. थेट वाट बंद झाली की सिंकथिंग फायली रिले सर्व्हरमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या मधल्या कॉम्प्युटरमधून फिरवून आणतं. हे सर्व्हर जगभरातले लोक आपखुशीनं चालवतात. मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण वेग फारच कमी मिळतो. "रिले" हा शब्द तुम्ही मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलात. दोन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोरच होता. काट्याची खोली आणि ऑफिस यांच्यात चाळीस पावलं, आणि आमच्या पावत्या गावाबाहेर, कदाचित देशाबाहेर जाऊन परत येत होत्या.

दोन्ही कॉम्प्युटरवर ते नेटवर्क "प्रायव्हेट", म्हणजे घरचं, मीच केलं. "रिले" गेलं, "लॅन" म्हणजे जागच्या जागी थेट जोडणी आली, आणि तुंबलेल्या पावत्या धडाधड उतरल्या. मला रडू आलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, तेही माझ्या लक्षात आहे.

बंद केलेला अँटिव्हायरस तुम्ही पुन्हा चालू करायला लावलात. स्कॅनर रंगीत 600 वर (इंचाला 600 ठिपके) होता, तो 200 वर आणि काळ्या-पांढऱ्या छटांवर आणायला सांगितलात. 600 चे 200 केले की ठिपके नऊ पट कमी होतात, हे गणित कागदावर मांडून दाखवलंत. तो कागद मी काचेखाली ठेवला आहे. एका ठिकाणी तर सरळ म्हणालात, "हे मले माहीत नाही, पाहून सांगतो." आणि रात्री खरंच फोन करून सांगितलंत.

आमच्याकडे बैलबाजारात आधी खोड सांगून मग बैल विकणारा एखादाच भेटतो. लोक त्याचं गाव लक्षात ठेवतात, पुढच्या वर्षी शोधत जातात. कामातला माणूस हुशार असावा हे खरंच, पण समोरच्याला लहान न करता मदत करणारा माणूस मला त्याहून मोठा वाटतो. तुम्ही तीनशे रुपये घेतलेत, तेही मी हातात कोंबले म्हणून.

त्या संध्याकाळी पायरीवरच्या बाईचा चुकारा टाकला. बँकेचा मेसेज तिला वाचता येईना, मी वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

आणि ज्यासाठी आज लिहायला बसले, ती गोष्ट. मागच्या सोमवारी राउटर पुन्हा बदलावा लागला. मंगळवारी तुरीच्या पावत्या अडकल्या. पाहिलं तर "रिले". तुम्हाला लावायला म्हणून फोन हातात घेतला होता, भाऊ. मग ठेवला आणि माऊस धरला. हाताला वाट आठवत होती. काट्याच्या खोलीतल्या पोरीलाही तिच्याच खुर्चीत बसवून दाखवलं, मी स्टूलावर बसले.

या बाजूला आलात तर घरी या. चहा राहिला आहे.

तुमची,
चाळीस पावलांवरची ताई