क्योतोहून आजोबांना

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "तू तिथे दिवसभर वाचतेस तरी काय?" फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून हे पत्र. बाबांनाही वाचायला द्या, त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

पुण्यात मी शिकले ती आजची जपानी. इथे एम.ए.ला आल्यावर पहिल्याच सत्रात कुझुशिजी समोर आली, म्हणजे कुंचल्याने सलग लिहिलेली जुनी लिपी. तुम्हाला एवढं सांगितलं तरी पुरे की ही जपानची मोडी आहे. हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जायचं, तेही वरून खाली. शिवाय एकेका उच्चाराची अनेक रूपं. 'का'चं एक रूप तर थेट 'उ'सारखं दिसतं, मागचापुढचा शब्द लागल्याशिवाय कोणतं ते ठरतच नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणून तुम्ही अर्थावरून वाचायचात, अगदी तसं. १९०० साली सरकारने शाळांसाठी प्रत्येक उच्चाराला एकच अक्षर ठरवून दिलं आणि बाकीची रूपं हळूहळू वापरातून गेली. त्यामुळे आज चांगल्या शिकलेल्या माणसालाही घरातलं पणजोबांच्या काळचं पत्र वाचता येत नाही. माझ्या वर्गातल्या जपानी मुलांनीही ही अक्षरं माझ्यासोबतच पहिल्यापासून गिरवली.

ग्रंथालयात जुनं पुस्तक मागवलं की आधी अंगठी, घड्याळ काढायचं, हात धुवायचे आणि नीट कोरडे करायचे. हातमोजे घालत नाहीत, कारण कागद इतका पातळ असतो की तो बोटांना जाणवायला हवा. टेबलावर पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. एकाच बाजूला छापलेला ताव मधोमध दुमडून एक पान होतं. घडी बाहेरच्या कडेला आणि मोकळ्या कडा शिवणीत. कसरीने पोखरलेलं पान असलं तर खालच्या पानावरची अक्षरं भोकांतून वर दिसतात आणि वाचताना घोळ होतो. अशा वेळी एकेक रेघ बोटाने हवेत गिरवून बघायची. हात कसा गेला असेल हे कळलं की अक्षर सुटतं. मला यात किती आनंद होतो हे घरात फक्त तुम्हालाच कळेल. फेरफाराचे जुने कागद घेऊन लोक ओसरीवर यायचे आणि एखादा शब्द अडला की तुमची चहाची कपबशी तशीच गार व्हायची.

चिनीही शिकावी लागतेच. इथले जुने पंडित लिहायचे चिनीत, पण वाचायचे जपानीत. अक्षरांच्या कडेला बारीक खुणा असतात, हे आधी घ्या, मग मागे या, अशा. कोरियातही विद्वानांची लिहिण्याची भाषा चिनीच. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजाचे दूत १२ वेळा जपानला आले. एकमेकांची भाषा येत नसताना ते आणि इथले विद्वान समोरासमोर बसून कागदावर चिनीत लिहून बोलायचे. आमच्या चर्चासत्रात एक कोरियन मुलगा आणि एक चिनी मुलगी आहे. तिघं मिळून एका ओळीवर तास घालवतो, तेव्हा ते कागद किती खरे होते ते पटतं.

आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही म्हणालात की जपानी भाषेची एन-टू परीक्षा झालीय, पुण्यात कंपन्यांना दुभाषे हवेत, मग दोनशे वर्षांपूर्वीचं वाचून काय मिळणार? भूकंप मोजणारी यंत्रं आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीचा भूकंप कुठे, किती आणि किती दिवस झाला, हे लिहिलेल्या कागदाशिवाय कळायला फारसा मार्ग नाही. जपानच्या दक्षिणेला समुद्राखाली जो मोठा भूकंप पुन्हापुन्हा होतो, त्याची पहिली नोंद ६८४ सालची. पुढे १७०७, १८५४, मग १९४४ आणि १९४६. पुढचा कधी येईल याचा अंदाज बांधताना हीच मालिका समोर ठेवतात, आणि तिचा बराचसा भाग कुणीतरी दैनंदिनीत लिहिलेल्या ओळींवर उभा आहे. म्हणून २०१७ साली क्योतोतल्या संशोधकांनी भूकंपाचे जुने कागद इंटरनेटवर ठेवले आणि सामान्य लोकांना ते आजच्या लिपीत उतरवायला बोलावलं. हजारो लोक त्यात सामील झाले. तुम्ही म्हणाल, आता हे यंत्र करेल. करतंही, फोटो काढला की कुझुशिजी वाचणारं ॲप २०२१ पासून आहे. पण जिथे कागद फाटलाय, शाई पसरलीय, तिथे ते ठामपणे चुकीचं सांगतं, आणि ते चूक आहे हे ओळखायला वाचणारा माणूसच लागतो.

माझा विषय १८३०चा क्योतोचा भूकंप. सातव्या चांद्रमासाची द्वितीया, दुपारी चारच्या सुमाराला. नंतर कित्येक दिवस धक्के थांबेनात, लोक घराबाहेर झोपले. मला यावरच पीएच.डी. करायची आहे. अजून तीन वर्षं तरी लागतील. शिष्यवृत्ती वाढवून मिळण्यासाठी अर्ज करते आहे. पैसे मागणार नाही, पण तुमचा होकार मला हवा आहे.

आणि आजोबा, एक काम तुमच्यासाठी. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तुम्ही पाटणला होतात. कोयनेच्या त्या भूकंपाचं आठवेल ते सगळं लिहून काढा. कोण आधी जागं झालं, कोणती भिंत गेली, किती रात्री अंगणात काढल्या, पाणी कुठून आणलं. आठवणार नाही तिथे तसं स्पष्ट लिहा, अंदाज नको. आजीलाही विचारा, तिचं वेगळं असेल तर तेही वेगळं लिहा. वहीच्या एकाच बाजूला लिहा, आणि झालं की दादाला पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा.

आईला सांगा, मेतकूट संपत आलंय.

कळावे,
तुमची नात